काळा टी-शर्ट, पांढरा टी-शर्ट

परवा बाह्यरुग्ण विभागात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ छापील अर्ज घेऊन आले. घाटातली शर्यत तीन आठवड्यांवर होती. “डॉक्टरसाहेब, फक्त एक सही हवी होती.” रक्तदाब दोनदा मोजला, दोन्ही वेळा १५६/९८ च्या आसपास. सही केली नाही, तेव्हा ते नाराज होऊन गेले. सही कदाचित दुसरीकडे मिळालीही असेल. आपल्याकडे वैद्यकीय तपासणी म्हणजे अर्जाला जोडायचा एक कागद. शर्यत सुरू झाली की डॉक्टरने रुग्णवाहिकेजवळ खुर्ची टाकून बसायचं. हे असंच असावं लागतं का? नॉर्वेतल्या ‘नॉर्समन’ या शर्यतीचा इतिहास यासाठी पाहण्यासारखा आहे.

पोहणं, सायकल आणि धावणं एकत्र करणारी लांब पल्ल्याची ‘आयर्नमॅन’ शर्यत १९७८ मध्ये हवाईत सुरू झाली. होरेक स्ट्रानहेम यांनी तीच अंतरं नॉर्वेच्या डोंगरांत नेली. २००३ च्या पहिल्या शर्यतीत जेमतेम २१ स्पर्धक होते. पहाटे पाचला हार्डांगर फिओर्डमध्ये फेरीबोटीतून काळ्या पाण्यात उडी मारायची, ३.८ किलोमीटर पोहायचं, मग समुद्रसपाटीपासून सुमारे १२५० मीटर उंचीच्या पठारावर चढत १८० किलोमीटर सायकल, आणि शेवटी मॅरेथॉन. ही मॅरेथॉन संपते गाउस्ताटोप्पेन डोंगरावर, १८५० मीटर उंचीवर. वाटेत आयोजकांचं पाणी-केळ्यांचं टेबल नसतं. स्पर्धकाने आपला मदतनीस स्वतःच आणायचा.

उन्हाळ्यातही हे पाणी साधारण १४-१५ अंशांचं असतं. थंड पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात श्वास आपोआप आत ओढला जातो आणि हृदयाचे ठोके धावू लागतात. पुढे त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, बाहेरून पाण्याचा दाब असतो, आणि हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. काहींच्या फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांना हा ताण सोसत नाही. पाणी झिरपून फुप्फुसात उतरतं, दम लागतो, गुलाबी फेस पडतो. उच्च रक्तदाब असलेल्यांना हा धोका अधिक असतो. (म्हणूनच ते १५६/९८ मला किरकोळ वाटत नाही.) त्यात एक फसवी गोष्ट अशी, की पाण्याबाहेर आल्यावरही शरीराच्या आतलं तापमान काही काळ घसरतच राहतं. माणूस कपडे बदलून सायकलवर बसतो, वारा लागतो, हात थरथरतात, आणि उतारावर ब्रेक दाबायला बोटं साथ देत नाहीत.

२०१५ मध्ये फिओर्डचं पाणी १० अंशांच्या आसपास उतरलं. जगभरातून लोक आले होते, वर्षभराची तयारी होती, तरी आयोजकांनी पोहण्याचं अंतर कमी केलं. पुढे शर्यतीशी जोडलेल्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी अशा पाण्यात पोहणाऱ्यांच्या शरीराच्या आतलं तापमान मोजून अभ्यास प्रसिद्ध केले. मला हा या शर्यतीच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. विजेत्यांच्या वेळा त्यापुढे गौण आहेत.

दुसरा भाग शिखराचा. धावण्याच्या ३२.५ किलोमीटरवर मोजदाद होते. पहिल्या १६० जणांनाच डोंगराकडे जाता येतं, आणि शिखर गाठणाऱ्याला काळा टी-शर्ट मिळतो. बाकीचे खालीच तेवढंच अंतर पूर्ण करतात, त्यांना पांढरा. पण क्रमांक लागला म्हणून वाट मोकळी होत नाही. ३७.५ किलोमीटरवर, दगडांची पायवाट सुरू होण्याआधी, स्पर्धकाची अवस्था तपासली जाते. पाठीवर गरम कपड्यांची पिशवी आणि सोबत मदतनीस लागतोच. चौदा-पंधरा तास राबलेल्या माणसाला शेवटच्या पावणेपाच किलोमीटरसाठी नाही म्हणणं सोपं नाही. काळ्या टी-शर्टपायी लोक लक्षणं लपवतात, हेही खरंच. तरीही नियम आधीच लिहिलेला असल्यामुळे डॉक्टरला तिथे हुज्जत घालावी लागत नाही, आणि खाली थांबणाऱ्याच्या वाट्याला पांढरा टी-शर्ट तरी येतो, रिकामे हात नाहीत.

गोव्यात २०१९ पासून अर्ध्या अंतराची आयर्नमॅन होऊ लागली, आपल्या घाटांत धावण्याच्या शर्यती वाढल्या. आपल्याकडे धोका गारठ्याचा नाही, उन्हाचा, दमट हवेचा आणि लपलेल्या हृदयविकाराचा आहे. उष्माघातात माणूस आधी बरळतो, मग कोसळतो, आणि बरळणारा माणूस ‘मी ठीक आहे’ असंच सांगतो. त्याला थांबवण्याचा अधिकार कुणाला, कोणत्या टप्प्यावर, आणि थांबवल्यावर त्याला गार पाण्यात बसवायची सोय कुठे, हे माहितीपत्रकात छापलेलं असलं पाहिजे. शुल्क भरण्याआधी स्पर्धकांनी आयोजकांना एवढं विचारावं. टी-शर्टचा रंग नंतर विचारला तरी चालेल.