एकट्याचा डाव

एकट्याने खेळायच्या खेळात डावपेच असतात काय? समोर प्रतिस्पर्धीच नाही, तर पेच टाकायचा कोणावर, असे सहज वाटते. मला मात्र वाटते की खरे डावपेच अशाच खेळात लागतात. कारण तिथे खेळाडू, प्रतिस्पर्धी आणि पंच ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे असतात, आणि त्यातला पंच फार लवकर फितूर होतो.

निमित्त घडले ते अमेरिकेहून सुटीत आलेल्या भाच्याचे. 'एमएलबी द शो' हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम तो खेळतो आणि त्यातला 'कॉन्क्वेस्ट' हा एकट्याने खेळायचा प्रकार त्याला विशेष प्रिय आहे. षटकोनी घरांचा नकाशा, घराघरात निरनिराळ्या संघांचे चाहते, आणि चाहते हेच सैन्य. शेजारची घरे जिंकत जायचे आणि शेवटी प्रत्येक संघाचा बालेकिल्ला घ्यायचा. भाच्याने मला त्यातले डावपेच मोठ्या उत्साहाने समजावले. सैन्य सगळीकडे पसरू नये. मागच्या सुरक्षित घरांत नावापुरते चाहते ठेवून उरलेले सीमेवर आणावेत. पुरेसे बळ असेल तेथे लढतीचा निकाल यंत्रावर सोपवावा. बालेकिल्ला मात्र तीन डावांचा छोटा सामना स्वतः खेळूनच घ्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याचे चाहते पळवण्यासाठीही सामना खेळता येतो. त्याची काठिण्यपातळी आपणच निवडायची. पण सोपी निवडली तर चाहते थोडे मिळतात. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटली. स्वतःला सवलत देण्याची किंमत यंत्राने आधीच ठरवून ठेवली आहे.

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात असा हिशेबी पंच नव्हता. आमचा एकट्याचा खेळ म्हणजे बुक क्रिकेट. पुस्तक मिटायचे, उघडायचे, डाव्या पानाच्या क्रमांकातला शेवटचा अंक पाहायचा. दोन, चार, सहा म्हणजे तितक्या धावा. आठ म्हणजे निर्धाव. शून्य म्हणजे बाद. पुस्तक खरोखर कुठेही उघडत असेल तर पाच वेळांत एकदा बाद होणे आले. म्हणजे बाद होण्यापूर्वी सरासरी चार वेळा पान उघडते, दर वेळी सरासरी तीन धावा मिळतात. एका गड्याच्या बारा आणि दहा गड्यांच्या एकशेवीस.

पण पुस्तक कुठेही उघडत नाही. आमची पाठ्यपुस्तके अप्पा बळवंत चौकातून निम्म्या किमतीत आणलेली असत. आधीच्या मालकाने जो धडा घोकलेला असे, तिथे शिवण सैल झालेली असे. माझे इतिहासाचे पुस्तक हटकून छत्तिसाव्या पानावर उघडे. अंगठा किंचित दाबला की षटकार ठरलेला. याला कौशल्य म्हणावे की लबाडी? त्या वयात मी त्याला कौशल्य म्हणत असे.

एकदा वडिलांनी भाऊसाहेब निंबाळकरांची हकिगत सांगितली. डिसेंबर १९४८. पुण्यातच, पूना क्लबच्या मैदानावर रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमन यांचा १९३० सालचा नाबाद ४५२ धावांचा विक्रम मोडायला अवघ्या दहा धावा हव्या होत्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला, सामना सोडून दिला आणि त्या दहा धावा राहून गेल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली भारतीय फलंदाजाची ही आजही सर्वोच्च खेळी आहे. निंबाळकरांना कसोटी मात्र एकही खेळायला मिळाली नाही.

मला तो अन्याय सहन झाला नाही. त्याच रात्री मी इतिहासाचे पुस्तक घेतले आणि वहीत ४४३ लिहून पुढे खेळू लागलो. चार. पुन्हा चार. ४५१. मग शून्य. मी ते 'ट्रायल' ठरवले, अंगठा दाबला, षटकार मारला आणि वहीत ४५७ लिहिले. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतकेच नव्हे, त्या वहीतले आधीचे सगळे सामने एकाएकी खोटे वाटू लागले. ती वही मी पुन्हा उघडली नाही.

पुढे अनेक वर्षांनी रॉबर्ट कूव्हर या अमेरिकन लेखकाची १९६८ सालची 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन' ही कादंबरी वाचली. हेन्री वॉ हा हिशेबनीस फाशांनी एकट्याने बेसबॉलचे हंगामच्या हंगाम खेळतो. त्याचा लाडका तरुण गोलंदाज फाशांच्या कौलाने मरतो, आणि हेन्री सूडापोटी पुढचा फासा स्वतःच्या हाताने मांडतो. तिथून खेळ त्याच्या ताब्यात येतो. पण त्याचा तोल जातो. माझ्या फुटकळ वहीतला प्रसंगही त्याच जातीचा होता.

म्हणून एकट्याच्या खेळातला पहिला डावपेच माझ्या मते एकच: नियम आधी लिहावेत आणि आवडता खेळाडू मैदानात असताना ते बदलू नयेत. भाच्याने सांगितलेले सगळे खरे आहे. पण ते नकाशा जिंकण्याचे डावपेच झाले. आपल्या पक्षपाताला जिंकण्याचे काम त्याच्या खेळात यंत्र करते, आमच्या खेळात ते आपल्यालाच करावे लागे. निंबाळकरांची हकिगतही हेच सांगते. प्रतिस्पर्धी निघून गेला की धावा काढता येतच नाहीत. एकट्याच्या खेळात तो निघून जातो, ते आपणच त्याला हाकलल्यामुळे.

जाण्याच्या आदल्या दिवशी भाच्याला मी बुक क्रिकेट शिकवले. नवे, घट्ट शिवणीचे पुस्तक घेतले आणि ४४३ पासून सुरुवात केली. दहा धावा निघण्याची शक्यता शंभरात सुमारे पंचेचाळीस, हे त्याने कागदावर मांडून दाखवले. पहिल्यांदा दोन आले, नंतर शून्य.

"मामा, पुन्हा सुरू करू या?" त्याने विचारले.

"करू. पण हा डाव आधी लिही."

त्याने ४४५ लिहिले, पुढे 'बाद' लिहिले, आणि मग पुस्तक मिटले.