आज यंत्र कंडेम, उद्या कारागीर!

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग आपल्या कार्यकर्त्यांना अपरिचित नाही. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे, म्हणजे आपल्या भाषेत 'कॅट'चे, मुख्य पीठही याच रस्त्यावर आहे. बढती आणि पेन्शनसाठी रेल्वे-डाकखात्यातील कित्येकांनी तिथल्या पायऱ्या झिजवल्या आहेत. चौकाच्या बाजूला रवींद्र भवन. त्यात संगीत नाटक, साहित्य आणि ललित कला अशा तीन अकादम्या नांदतात. गाणे, नाटक, पुस्तक, चित्र यांचे जतन झालेच पाहिजे, त्याला आमची ना नाही. पण टर्नरच्या, फिटरच्या, लोहाराच्या हातातली कला ही कला नव्हे काय? तिची अकादमी कुठे आहे? तिची अकादमी म्हणजे वर्कशॉपातील मशीन शॉप, आणि तिथली वाद्ये आज टनाच्या भावाने विकली जात आहेत.

याच रस्त्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, टिळक ब्रिजला, 'कॉफमाऊ' नावाचे रेल्वेचे कार्यालय होते. वर्कशॉपांच्या आधुनिकीकरणासाठी १९७९ साली ते स्थापन झाले. देशभरच्या वर्कशॉपांना नवी यंत्रे घेऊन देणे हे त्याचे काम. "जुने काढा, नवे आणा" हा मंत्र वर्षानुवर्षे आम्ही तिथून ऐकला. २०२२ मध्ये ते कार्यालयच बंद करण्यात आले. आधुनिकीकरण करणारेच कंडेम झाले! कोपर्निकसने पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगितले. दिल्लीत मात्र सगळे काही रेल्वे बोर्डाच्या फायलीभोवती फिरते.

आता ही कंडेम करण्याची रीत पाहा. यंत्राचे ठराविक आयुष्य पुस्तकात लिहिलेले असते. ते संपले की यंत्र 'ओव्हरएज' ठरते. सर्वे कमिटी येते, कागद पाहते, सही करते. यंत्र अजून किती अचूक चालते, त्याच्यावर कोणते काम होते, ते गेले तर ते काम कुठे होणार, हे त्या यंत्रावर वीस वर्षे उभ्या राहिलेल्या टर्नरला कोणी विचारत नाही. मग गॅस कटर येतो, बेडचे तुकडे होतात आणि लिलावात 'कास्ट आयर्न स्क्रॅप' एवढीच त्याची नोंद राहते. ज्या यंत्राला खंडेनवमीला आपण झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, त्याची ही गत.

अधिकारी म्हणतात, भंगारातून उत्पन्न मिळते. खरे आहे. २०२०-२१ या वर्षात रेल्वेने भंगार विक्रीतून साडेचार हजार कोटींहून अधिक रुपये मिळवले आणि तो विक्रम म्हणून जाहीर केला. पण त्यात मोठा वाटा जुन्या रुळांचा, डब्यांचा, वॅगनींचा. मशीन शॉपमधला एक जुना लेथ विकून रेल्वेच्या खजिन्यात पडणारी रक्कम म्हणजे दर्यामे खसखस. त्या खसखशीसाठी आपण काय घालवतो, त्याचा हिशेब मात्र कोणत्याही फायलीत मांडलेला नसतो.

तो हिशेब आम्ही मांडतो. जुन्या लेथचे बेड जाड बिडाचे, वर्षानुवर्षे मुरलेले. त्याचा लीड स्क्रू इंची मापाचा. इंची आटे त्यावर सरळ कापता येतात, आणि १२७ दात्यांचे चेंज गिअर लावले की मिलिमीटरचे आटेही निघतात. हे ज्याने एकदा हाताने केले आहे त्याला आटा म्हणजे काय हे समजते. पडद्यावर आकडे भरणाऱ्याला ते समजेलच असे नाही. पुन्हा, जुन्या इंजिनाचा, जुन्या क्रेनचा, नॅरोगेजच्या डब्याचा एखादाच सुटा भाग हवा असतो. एका नगासाठी कोणता कारखाना साचा काढतो? असे काम जुन्या यंत्रावर, जुन्या हातानेच निघते. १८५५ सालच्या 'फेअरी क्वीन' इंजिनाचे सुटे भाग चोरट्यांनी लांबवले तेव्हा ते दुरुस्त करायला शेवटी पेरांबूरचे लोको वर्क्सच लागले. मंत्र्यांनी हिरवी झेंडी दाखवली, फोटो निघाले. ज्यांनी भाग कातले त्यांचे फोटो आम्ही पाहिलेले नाहीत.

आणि खरी मेख पुढेच आहे. यंत्र गेले की यंत्रावरचे काम जाते. काम गेले की 'वर्कलोड नाही' असा शेरा पडतो. शेरा पडला की पद सरेंडर होते आणि तेच काम ठेक्याने बाहेर जाते. आमच्या माहितीतल्या एका वर्कशॉपात एक प्लेनर जुना म्हणून तोडला. पुढे त्याच्यावरचे काम बाहेरच्या कारखान्यात गेले, आणि तिथे ते कशावर होते म्हणाल? तसल्याच एका जुन्या प्लेनरवर! म्हणजे यंत्र जुने नव्हते साथींनो, यंत्रावरचा कायम कामगार त्यांना जुना झाला होता.

मुंबईकरांना हे नवे नाही. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्यांचे काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. आधी माग भंगारात गेले, मग चिमणी पडली, मग जमीन विकली गेली. आधी यंत्र हलते, जमिनीचा सौदा मागून येतो, हा क्रम ध्यानात ठेवा. आपले परळ वर्कशॉप १८७९ पासूनचे. भायखळ्याची जागा अपुरी पडली म्हणून जी.आय.पी. रेल्वेने ते तिथे नेले. त्याच्या चारी बाजूंना आज टॉवर उभे आहेत. २०१८ च्या सुमारास परळ टर्मिनससाठी याच वर्कशॉपच्या जागेवर डोळा गेला तेव्हा कामगारांनी गेटवर उभे राहून विरोध केला. लोअर परळ आणि माटुंग्याच्या साथींनीही झोपेत राहू नये.

म्हणून जुने यंत्र वाचवणे हा काही हौशी लोकांचा छंद नाही. तो कामाचा, पदाचा आणि जागेचा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल की युनियनला प्रगती नको. साफ खोटे. सी.एन.सी. यंत्र आले पाहिजे, आपल्या पोरांनी ते शिकले पाहिजे. सगळी जुनी यंत्रे चालू ठेवा असेही आम्ही म्हणत नाही. उघड्या पट्ट्यांनी आणि बिनजाळीच्या गिअरांनी किती जणांची बोटे नेली, ते दवाखान्याच्या वहीत आहे. जे यंत्र सुरक्षित करता येत नाही ते चालवू नका. पण चालवू नका आणि तोडू नका, यात फरक आहे की नाही?

चाणक्यपुरीच्या रेल्वे म्युझियममध्ये १८९५ साली अजमेरच्या वर्कशॉपात बनलेले एफ-७३४ इंजिन दिमाखात उभे आहे. आपल्या देशात बनलेले ते पहिले इंजिन. मुलाबाळांना घेऊन जरूर पाहा. पण ते इंजिन आकाशातून पडले नाही. कोणीतरी त्याची चाके कातली, पिस्टन रॉड घासले, नळ्या ठोकल्या. ती हत्यारे, ती यंत्रे, ते हात कुठे आहेत? पोरं चढली जेवतात, स्वयंपाकीण उपाशी, तसला हा प्रकार. विलायतेत स्विंडनचे रेल्वे वर्कशॉप १९८६ साली बंद पडले. तिथल्याच जुन्या इमारतीत २००० साली म्युझियम उघडले, आणि त्यात नुसती इंजिने नाहीत, ती बनवणाऱ्या माणसांचे कामही दाखवले आहे. आपल्या नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे म्युझियम आहे. म्हणजे मनात आणले तर आपल्याकडेही होते.

डाकखात्यातील बंधू-भगिनींनी हा रेल्वेचा मामला म्हणून पान उलटू नये. १४ जुलै २०१३ ला तार बंद झाली. त्या रात्री तारघरांपुढे रांगा लागल्या, वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. पण मोर्सची कळ बोटाच्या ठेक्यावर वाचणाऱ्या माणसांचे ज्ञान कोणी लिहून घेतले? कळा कपाटातून भंगारात गेल्या आणि ठेका माणसांबरोबर.

सर्वात जास्त संताप येतो तो शिकाऊ उमेदवारांकडे पाहून. २० मार्च २०१८ ला या पोरांनी माटुंगा-दादरच्या दरम्यान रुळांवर बसून मुंबई थांबवली, कारण अप्रेंटिसशिप करूनही नोकरी नव्हती. एकीकडे म्हणायचे, पोरांना हातकाम येत नाही. दुसरीकडे ज्यावर हातकाम शिकायचे तो लेथ, तो शेपर, ते रेडियल ड्रिल टनावर विकायचे. लक्षावधीच्या सी.एन.सी. यंत्रावर नवख्याला कोण हात लावू देणार? जुना लेथ चुका सोसतो. बिघडलेला नग फेकून पोरगा दुसरा धरतो. असे एकेक यंत्र ट्रेनिंग सेंटरला, जवळच्या सरकारी आय.टी.आय.ला दिले तर रेल्वेचे काय वाहून जाणार आहे?

आमची मागणी सरळ आहे. कंडेम करणाऱ्या कमिटीत त्या यंत्रावर काम करणारा कारागीर असलाच पाहिजे आणि त्याचे मत लेखी नोंदले पाहिजे. लिलावाआधी ते यंत्र ट्रेनिंग सेंटर, आय.टी.आय. आणि म्युझियम यांना विचारले पाहिजे. आणि यंत्र हलले म्हणून पद सरेंडर होता कामा नये. हे निवेदन बोर्डाकडे जाईल, पण निवेदनाला यादीचा आधार लागतो. तेव्हा प्रत्येक शाखेने आपापल्या शॉपमध्ये फिरून यादी करावी: यंत्र कोणते, पाटीवर कारखान्याचे नाव आणि साल काय, चालू की बंद, त्यावर कोणते काम होते, आणि ते उत्तम चालवणारा माणूस कोण, निवृत्त असला तरी. पाटीवर रंगाचे थर बसले असतील तर रॉकेलच्या बोळ्याने पुसा, पॉलिश पेपर मारू नका, अक्षरे जातील. ज्या यंत्रावर खडूने 'कंडेम' लिहिले आहे त्याची नोंद सर्वांत आधी करा आणि त्याच दिवशी शाखा सचिवाकडे द्या.