निवड तुझीच आहे, भाऊ

डिसेंबर २०२४. विधानसभेची निवडणूक उरकलेली, सोयाबीन विकून झालेलं, तूर अजून शेतात उभी. रिसोडच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेल्या एका गार्डन रेस्टॉरंटमध्ये मी काळा ब्लेझर घालून टेबलाटेबलांवर पत्त्यांची जादू करत होतो. मी याच गावचा. एरवी पुण्यातल्या एका कंपनीसाठी कोड लिहितो, आणि तेव्हा शनिवार-रविवारी दारूच्या ब्रँडच्या प्रमोशनला जादूगार म्हणून जायचो. पुणे, नागपूर, अकोला, संभाजीनगर असं सगळं करून झालं होतं. आपल्या गावात पहिल्यांदाच आलो होतो.

चौथ्या टेबलावर चार पोरं बसली होती. त्यातलं एक ओळखीचं निघालं. माझ्या शाळेतल्या मित्राचा धाकटा भाऊ. वय एकोणीस.

"दादा, तुमी इथं?"

मी ओळख दिली, हसलो आणि जादू सुरू केली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरंच तोंड वर करून बोलणार आहे.

जादू अशी होती. पाच पत्ते पालथे ठेवायचे. चार पत्त्यांवर चहा, ताक, लिंबूपाणी, उसाचा रस. पाचव्यावर ब्रँडचं नाव. समोरच्याने हवा तो पत्ता निवडायचा. त्याने निवडला, उलटला, तर ब्रँड. मग त्याच्याच ग्लासाखालचं कोस्टर उलटायला सांगायचं. त्यावर आधीपासून छापलेलं असतं: "माहीत होतं, तू हेच निवडशील." टेबलावर आरडाओरडा होतो, मोबाईल निघतात, आणि पत्ता त्याला आठवण म्हणून द्यायचा.

जादूगारांच्या भाषेत याला फोर्स म्हणतात. नाव इंग्रजी असलं तरी त्यात जबरदस्ती दिसत नाही, दिसली की जादू फसली. मी म्हणतो, कोणतेही दोन पत्ते पुढे सरकव. मला हवा असलेला पत्ता त्या दोनांत आला, तर म्हणतो, "वा, हे दोन ठेवू." नाही आला तर म्हणतो, "ठीक, हे दोन बाजूला काढू." पुढच्या प्रत्येक टप्प्याला तेच. समोरचा खरोखर विचार करून बोट ठेवतो. त्या बोटाचा अर्थ काय लावायचा, ते मात्र मी ठरवतो. २०१५ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच एका फोर्सचा प्रयोगच करून पाहिला. जवळजवळ सगळ्यांनी जादूगाराला हवा असलेलाच पत्ता घेतला, आणि बहुतेकांना तो आपण मोकळेपणाने निवडला असंच वाटलं.

आता या धंद्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य आठवा. कंपनीचा माणूस, एजन्सीचा माणूस, बारमालक, माझे जादूगार मित्र, सगळे ते म्हणतात. मीही चार वर्षं म्हणत होतो. "आपण कोणाला पाजत नाही. निवड त्याची आहे." अरे, निवड त्याची नाही हेच तर मला दोन तास करून दाखवायचं होतं! त्याचेच पैसे मिळत होते. आठ हजार. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्याही खाली होता. म्हणजे दोन क्विंटलच्या आसपास सोयाबीन मी पाच पत्त्यांत काढत होतो. प्रमोशनची तारीख माल विकून हातात पैसा आल्यानंतरचीच का निघाली, हे विचारायला मला तेव्हा सुचलं नाही. की सुचलं, पण विचारलं नाही. यातलं काय खरं, आता नीट आठवत नाही.

एजन्सीकडून व्हॉट्सॲपवर सूचना यायच्या. "दारू" हा शब्द काढायचा नाही. बाटली हातात धरायची नाही. कोणालाही "प्या" म्हणायचं नाही. ब्रँडचं नाव प्रत्येक टेबलावर निदान तीनदा आलं पाहिजे. कोणी विचारलंच तर कार्यक्रम ब्रँडच्या सोड्याचा आहे. त्या रात्री सोडा होता खरा. कोपऱ्यात एक क्रेट.

ही सोड्याची गंमत आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला केबल कायद्याच्या नियमांनी बंदी आहे, म्हणून आपण लहानपणापासून सोड्याच्या, पाण्याच्या आणि गाण्यांच्या सीडीच्या जाहिराती पाहत आलो. ज्या पेयाचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या नावाचं कॅलेंडर निघालं, विमान कंपनी निघाली. २००८ मध्ये विजय मल्ल्या यांच्या समूहातल्या एका व्हिस्कीच्या नावावरून आयपीएलची टीम निघाली आणि आपण चेहऱ्याला रंग लावून तिच्यासाठी ओरडलो. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढून असल्या आडवाटेच्या जाहिरातींनाही मनाई केली. सोडा अजून मिळतोच आहे.

आपल्या राज्याचा कायदा तर त्याहून जुना आणि स्पष्ट आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचं कलम २४ वाचा. मादक पेय घ्यायला सुचवणारी जाहिरात छापायला, दाखवायला आणि वाटायला बंदी आहे. वाटायला! मी प्रत्येक टेबलावर एक पत्ता वाटत होतो. एजन्सीच्या सूचना इतक्या बारकाईने का लिहिलेल्या असत, ते हे कलम वाचल्यावर कळलं. हात कुठे असावा, नजर कुठे असावी, तोंडातून कोणता शब्द येऊ नये. कोणत्याही जादूगाराला हे लगेच ओळखू येईल. लक्ष भलतीकडे वळवायचं आणि खरं काम दुसऱ्या हाताने करायचं. फरक इतकाच की टेबलावरच्या पोरांसाठी मी तो वळवणारा हात होतो, आणि कायद्यासाठी कंपनीने मला वळवणारा हात केलं होतं.

आणि वयाचं काय? महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी कायदेशीर वय २५ आहे. त्याशिवाय परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांचा, आयुष्यभराचा हजाराचा. हे वाचून तुम्ही हसला असाल. मीही हसतो. ते एकोणीस वर्षांचं पोर माझ्यासमोर ग्लास घेऊन बसलं होतं, आणि तिथल्या दोन-तीन डझन माणसांत त्याचं वय नक्की माहीत असलेला माणूस मी होतो. तरी मी त्याला म्हटलं, "निवड तुझीच आहे, भाऊ. कोणताही पत्ता."

"ज्याला प्यायची तो पितोच" हे दुसरं वाक्य. कंपनीचा यावर विश्वास असता, तर तिने मला आठ हजार कशाला दिले असते? कंपन्या धर्मादाय नसतात. जो पितोच त्याच्यासाठी जादूगार लागत नाही. देशी दारूच्या दुकानासमोर सकाळी सात वाजता थरथरत्या हाताने उभ्या असलेल्या माणसाला कोणी पत्ता निवडायला सांगत नाही. तिथे ना ब्लेझर, ना कोस्टर, ना इन्स्टाग्राम रील. माझ्यासारख्याला पाठवतात ते अजून ठरलेलं नसलेल्या माणसाकडे. ज्याने नुकतीच सुरुवात केली आहे, किंवा जो बिअरवर आहे, किंवा मित्रांबरोबर आलाय आणि थम्सअप मागवावं की काय या विचारात आहे. त्याला आयुष्यातला एक भारी क्षण द्यायचा, सगळं टेबल त्याच्याकडे बघतंय असा, आणि त्या क्षणावर ब्रँडचं नाव चिकटवायचं. गावाकडच्या पोराला असे क्षण तसेही कमी मिळतात. एमपीएससीचे दोन प्रयत्न गेलेले, घरी बाप बोलत नाही, आणि इथे इंग्रजी बोलणारा जादूगार त्याला नावाने हाक मारतो.

सरकारकडून फार अपेक्षा नाही. जून २०२५ मध्ये राज्याने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा वर्षाला १४,००० कोटींचं जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचं सांगितलं. ज्याला हा आकडा गाठायचा आहे, तो माझे पत्ते जप्त करायला येणार नाही.

मी मात्र जादू कुठे शिकलो, ते सांगायला हवं. शाळेत असताना अंनिसचे कार्यकर्ते आले होते. पाण्याने दिवा पेटवला, नारळातून करणी काढली, जिभेवर कापूर जाळला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी प्रत्येक गोष्ट कशी केली ते उलगडून सांगितलं आणि आमच्यापैकीच एकाला बोलावून त्याच्याकडून करून घेतलं. मानधन म्हणून हेडसरांनी नारळ दिला, तो त्यांनी आम्हालाच फोडून वाटला. त्या दिवसापासून मला हे वेड लागलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर मी त्यांच्याबद्दल वाचत गेलो. ज्या माणसाने गावोगाव चमत्कारांमागची हातचलाखी दाखवणारी चळवळ उभी केली, त्यानेच साताऱ्यात परिवर्तन ही व्यसनमुक्तीची संस्थाही चालवली, हे तेव्हा कळलं. मला ही दोन वेगवेगळी कामं वाटायची. रिसोडच्या त्या रात्रीनंतर वाटत नाहीत.

जादूगार फसवतो, पण सांगून फसवतो. तिकीट काढून आलेल्या माणसाला माहीत असतं की हा आपल्याला बनवणार आहे, आणि तो त्यासाठीच आलेला असतो. बुवाचं तसं नसतं. तो तीच अंगठी हवेतून काढतो आणि तुमच्या घरातलं काहीतरी घेऊन जातो. मी चार वर्षं स्वतःला जादूगार म्हणवत होतो आणि काम बुवाचं करत होतो. कोस्टरवर "माहीत होतं, तू हेच निवडशील" असं छापणारा माणूस आणि पाठीवर हात ठेवून भविष्य सांगणारा माणूस, यांत मला फारसा फरक सापडत नाही.

हे एकदा जादूगारांच्या ग्रुपवर लिहिलं, तर एका सिनियर भाऊंनी फोन केला. म्हणाले, "तुला पगार आहे, तू बोलू शकतोस. माझं घर यावर चालतं. वाढदिवसाला दोन हजार मिळतात, ब्रँडवाले दहा देतात." त्यांना मी काय सांगणार? त्यांचं बरोबर आहे. त्यांच्याकडे नाही म्हणायची सोय कमी आहे. माझ्याकडे ती सुरुवातीपासून होती आणि तरी मी गेलो, म्हणून माझं जास्त चुकलं. शौकाखातर या कामात उतरणारे माझ्यासारखे इंजिनिअर बरेच आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. तुमची ईएमआय त्या आठ हजारांवर अडलेली नाही. निदान निवडीची जादू तरी ब्रँडच्या नावावर करू नका. निदान टेबलावरच्या पोराला वय विचारा. एजन्सीला हे लेखी मागा आणि मग पुन्हा बोलावतात का बघा. मी मागितलं होतं. पुढच्या महिन्यात माझ्या जागी नांदेडचा एक मुलगा होता, आणि तो माझ्यापेक्षा चांगला फोर्स करतो.

या दिवाळीत घरी गेलो तेव्हा ते पोर बसस्टँडजवळ भेटलं. मोबाईलच्या पारदर्शक कव्हरमागे तोच पत्ता होता, कोपरे मळलेले, नाव मात्र नीट वाचता येत होतं. म्हणालं, "दादा, ते कसं केलं व्हतं सांगा ना." जादूगाराने सांगायचं नसतं. मी चहाच्या टपरीवर बसवून सगळं सांगितलं. दोन पत्ते, ठेवू, बाजूला काढू. टपरीवाल्याकडची पाच बिस्किटं घेऊन करूनही दाखवलं.

तो थोडा वेळ बिस्किटांकडे बघत राहिला. "म्हंजे मी कोणताबी घेतला असता तरी हेच आलं असतं?"

"हो."

"कायबी केलं तरी?"

"हो रे."

त्याने कव्हर काढलं, पत्ता उलटसुलट करून पाहिला आणि परत आत सरकवला. म्हणाला, "राहू द्या दादा, मस्त दिसतो."

चहाचे पैसे त्यानेच दिले.