ग्रहणाचा दोष की बीजाचा?

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीलगत आमच्याकडे दुभंगलेल्या ओठाचे अर्भक घेऊन माता येते, तेव्हा तिच्यासोबत सासूचा प्रश्नही येतो : ग्रहणात विळी हाती धरली होतीस का? पिता बहुधा दाराबाहेर उभा असतो. त्याला कोणी काही विचारीत नाही.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात गर्भविकृतीची कारणे सांगताना मातेच्या आहारविहाराआधी बीजदोषाचा उल्लेख केला आहे. आणि बीज उभयतांचे असते. बीजाचा जो भाग दूषित, त्याच्याशी संबद्ध अवयव विकृत, हा त्यांचा सिद्धान्त होय.

आधुनिक संशोधनही याच दिशेने जाते. फ्रेझर व पशायन यांनी १९७० साली अशा बालकांच्या निर्दोष ओठांच्या मातापित्यांची मुखरचना तपासली व ती इतरांहून काहीशी भिन्न आढळली. पुढे क्ष-किरण मोजमापांतून चेहऱ्याची अधिक रुंदी, वरच्या जबड्याचे मागे असणे इत्यादी लक्षणे अनेकांनी नोंदविली. सर्वांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. गर्भाच्या मुखाचे उंचवटे योग्य वेळी एकत्र न आल्यास ओठ वा टाळू दुभंगतो. मुखाची घडणच या मीलनास प्रतिकूल असू शकते आणि ती घडण पित्याकडूनही येते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ही समूहाची सरासरी आहे. एखाद्याचा चेहरा पाहून भाकीत करणे म्हणजे ग्रहणाच्या जागी दुसरे ग्रहण बसविणे होय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथेच झाला. त्याच्या तपासणीसूचीत दुभंगलेला ओठ व टाळू आहे आणि फिरत्या पथकांत आयुष वैद्यांना स्थान आहे. म्हणजे ही बालके प्रथम आपल्याच हाती येतात. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, रुग्णपत्रात पित्याचा व त्याच्या कुळाचाही इतिहास लिहावा, उभयतांचे ओठ व टाळू पाहावेत, आणि पुढील अपत्यात ही विकृती येण्याचा संभव सामान्यतः ३ ते ५ टक्के असतो, हे दोघांना एकत्र बसवून सांगावे.

वाग्भटाचार्यांनी खंडौष्ठाच्या कडा खरवडून शिवण्यास सांगितले आहे. काढा देऊन वाट पाहण्यास नव्हे. बालकास शल्यचिकित्सकाकडे वेळीच पाठवावे. आणि त्याआधी पित्यास दाराबाहेरून आत बोलवावे.