उठलेल्या घरांची पुस्तकं

सुट्टी तोंडावर आली की पुस्तकांच्या दुकानात हमखास ऐकू येतं, “सातवीतल्या मुलाला काय द्यावं?” प्रश्न रास्त आहे. पण वयावरूनच निवड केली की धाकटीचं पुस्तक धाकटीकडे राहतं, आजोबांचं आजोबांकडे, आणि जेवताना कुणालाच कुणाच्या वाचनाबद्दल बोलता येत नाही. म्हणून या वेळी वयाऐवजी विषय धरू या. विषय आहे घर सुटण्याचा.

अगदी लहानांना घर सुटण्याआधी घर असण्याची गोष्ट सांगावी. त्यासाठी माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच आहेच. तो अजून घेतला नसेल तर आधी तोच घ्या.

मग सगळ्यांनी मिळून शॉन टॅनचं ‘द अरायव्हल’ उघडावं. पुस्तक 2006चं, म्हणजे ताजं नव्हे. पण त्यात वाचायला एकही शब्द नाही, त्यामुळे पहिलीतली नात आणि इंग्रजी न येणारी आजी दोघी ते बरोबरीने वाचू शकतात. सुरुवातीच्या पानावर छोट्या चौकटी आहेत: कागदाचा पक्षी, घड्याळ, टोपी, मुलीने काढलेलं चित्र, टवका उडालेली किटली, प्रवासाची बॅग. बायको-मुलीला मागे ठेवून एक माणूस परक्या शहराकडे निघाला आहे. जहाजावरचे त्याचे दिवस टॅन फक्त ढगांनी दाखवतो. चौकटीमागून चौकट, प्रत्येकीत वेगळं आभाळ. त्या शहराची लिपी टॅनने स्वतः रचलेली आहे. पाट्या त्या माणसाला वाचता येत नाहीत, तशा आपल्यालाही येत नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं ज्या वर्गांत येतात-जातात, तिथल्या शिक्षकांनी हे पुस्तक नुसतं समोर ठेवावं. सांगण्यासारखं मुलांकडेच भरपूर असेल.

दहा-बारा वर्षांच्या वाचकांसाठी माझी पहिली पसंती ‘व्हेन स्टार्स आर स्कॅटर्ड’ला. 2020मधली ही चित्रकादंबरी व्हिक्टोरिया जेमिसन आणि ओमर मोहम्मद यांनी मिळून केली, आणि गोष्ट ओमरचीच आहे. सोमालियातल्या युद्धातून निसटलेला हा मुलगा आणि त्याचा धाकटा भाऊ हसन केनियातल्या दादाब छावणीत वाढतात. हसनला एकच शब्द बोलता येतो, आई या अर्थाचा, आणि आई कुठे आहे ते दोघांनाही माहीत नाही. ओमरला शाळेत जायचं आहे, पण मग हसनकडे कोण बघणार? पाण्याच्या रांगा, अर्धपोटी दिवस, परदेशात जाण्यासाठीच्या मुलाखतीची वर्षानुवर्षं वाट पाहणं, हे सगळं इतक्या सरळ रेषांत आणि उजळ रंगांत येतं की मुलं एका बैठकीत संपवतात. प्रश्न नंतर येतात. तेव्हा मोठ्यांनीही ते वाचलेलं असलं पाहिजे.

चित्रं आहेत म्हणजे पुस्तक पोरांचं, असं मानणाऱ्या मोठ्यांच्या हाती मी ‘भीमायन’ देईन. ‘नवयान’ने 2011मध्ये काढलेल्या या पुस्तकाची चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची आहेत. पाणी, निवारा, प्रवास अशा तीन भागांत बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग येतात. निवाऱ्याचा भाग 1917च्या बडोद्यातला. परदेशी शिकून आलेल्या, संस्थानच्या नोकरीत असलेल्या माणसाला त्या शहरात राहायला जागा मिळत नाही. व्याम दांपत्याने माणसांना चौकटींत कोंबायला नकार दिला. पानभर ती मोकळी पसरतात. साध्या, निर्मळ बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, आणि विखारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी. एकदा ही खूण कळली की शब्द वाचण्याआधीच पोटात गोळा येतो.

कॉलेजातल्या मुलांसाठी ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’. 1994मध्ये आलेलं, भारतातली पहिली चित्रकादंबरी म्हणून ओळखलं जाणारं हे पुस्तक बरीच वर्षं मिळत नव्हतं. 2022मध्ये चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ने ते पुन्हा छापलं. नर्मदेवरच्या धरणांविरुद्धच्या लढ्यातून ते उभं राहिलं आहे. एकीकडे धरणाची बातमी करायला निघालेला तरुण पत्रकार, दुसरीकडे नदीच्या जन्माची कथा गाणारा आदिवासी गायक, असे दोन धागे कृष्णधवल रेषांतून पुढे सरकतात. अक्कलकुव्यातलं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलं, हे आपल्याकडच्या किती तरुणांना ठाऊक आहे? पाठ्यपुस्तकापेक्षा हे पुस्तक त्यांना लवकर तिथवर नेईल.

त्याच वेळी घरातल्या मोठ्यांनी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ हाती घ्यावी. 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणामुळे गावातून उठवलेल्या माणसांची आहे. गाव सोडताना मागे राहिलेली म्हैस शोधायला एक माणूस पुन्हा जंगलात शिरतो. इतक्या काळात जनावर माणसाला विसरलेलं, रानटी झालेलं. सरकारी कागदावर ज्याला पुनर्वसन म्हणतात त्यात म्हशीचा रकाना नसतो; खोत अख्खी कादंबरी त्या म्हशीच्या मागे चालवतात. पन्हाळ्याकडची बोली शहरी वाचकाला सुरुवातीला अडवेल. तिथे सोडून देऊ नका, पहिली काही पानं मोठ्याने वाचा. चार कान असतील तर उत्तम. आणि मुलीचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ वाचून झालं की पुस्तकांची अदलाबदल करा.