वडी बिनसाखरेची, पण खिशात साखर हवीच!

मैत्रिणींनो, लोणावळ्याहून येणारा पाहुणा चिक्कीचा पुडा आणल्याशिवाय राहात नाही. आमच्या मामंजींना मधुमेह. पण पुडा दिसला की हात पुढे झालाच! म्हणून त्यांच्यापुरती दाण्याची वडी मी घरीच करू लागले.

पहिल्या खेपेला साखरेऐवजी गूळ घातला आणि खूश झाले. डॉक्टर म्हणाले, “अहो, गूळ म्हणजेही बहुतेक साखरच की!” मग खजूर घातला. तर १०० ग्रॅम खजुरातही साखर साठ ग्रॅमच्या वर. दोन्ही वगळले, तर वडीचा भुगा झाला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की पाक नुसता गोडीसाठी नसतो, दाण्यांना धरून ठेवायलाही तोच लागतो. त्याची जागा घेतली आपल्या जवसानं. जवसाची पूड गरम पाण्यात भिजली की छान चिकट होते.

साहित्य : भाजून सोललेले शेंगदाणे १५० ग्रॅम, बदामाचे काप ७० ग्रॅम, भाजलेले तीळ ७० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ३५ ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस २० ग्रॅम, जवसाची पूड ३ चमचे, सुंठ, वेलची, चिमूटभर मीठ.

कृती : जवसाची पूड सहा चमचे गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा. निम्मे दाणे मिक्सरमधून तेल सुटेपर्यंत वाटा, उरलेले जाडसर कुटा. सगळं एकत्र मळून तूप लावलेल्या डब्यात वाटीच्या बुडानं घट्ट दाबा. ओव्हनमध्ये १५० अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर थापून, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. कोमट असतानाच सोळा वड्या कापा, पण पूर्ण गार झाल्याशिवाय उचलू नका, मोडतात. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात.

साखर नाही म्हणून बकाणे मात्र भरू नका हं! एका वडीत सुमारे १३५ उष्मांक असतात. दिवसाला एक पुरे.

आता महत्त्वाचं. गेल्या पावसाळ्यात मामंजी जेवायला उशीर करून फिरायला गेले. खराडीच्या रस्त्यावरच त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. खिशात माझी वडी होती, ती त्यांनी खाल्ली. उपयोग शून्य! शेजारच्या दुकानदारानं साखरेचं पाणी दिलं, तेव्हा कुठे ते सावरले. माझा तर जीव उडाला.

इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असणाऱ्यांची साखर अशी एकदम उतरू शकते. त्या वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, बरं नसेल तर परत द्यायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठायचा. आपली वडी तिथे कामाची नाही. तिच्यात साखर नाही, आणि स्निग्धांश पचायला वेळ लागतो. शिवाय ती जेवणाऐवजी खायची नाही.

आता मामंजींच्या एका खिशात वडी असते, दुसऱ्यात साखरेची पुडी. तुमच्याही घरी कुणी असेल, तर वडी करण्याआधी ती पुडी बांधा!