हयातीचा पुरावा

दर नोव्हेंबरात मी शासनाला कळवतो, की मी हयात आहे. पूर्वी त्यासाठी कार्यालयाची पायरी चढावी लागे. २०२१च्या नोव्हेंबरपासून निवृत्तिवेतनधारकांना मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला देण्याची सोय झाली. यंत्र सांगते, डोळ्यांची उघडझाप करा. मी करतो.

ही उघडझाप क्षुल्लक नव्हे. चेहरा ओळखणारी प्रणाली मुळात केवळ साम्य मोजते. समोर जिवंत माणूस आहे की त्याचे छायाचित्र, हे ठरवण्यास वेगळी तपासणी लागते. हालचाल, त्वचेचा पोत, प्रकाशाचे परावर्तन यांवरून ती कागदावरचा फोटो, पडद्यावरची चित्रफीत किंवा मुखवटा ओळखू पाहते. डीपफेकने याहून अवघड प्रश्न उभा केला आहे. बनावट चित्रफीत कॅमेऱ्याला वगळून थेट ॲपमध्ये सोडता येते, आणि त्या चित्रफितीतला चेहराही पापण्या हलवतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा संशय परिचित आहे. बंगालमधील हुगळी येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८७७ मध्ये निवृत्तिवेतनधारकांच्या बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला. मृताच्या नावे इतरांनी पैसे उचलू नयेत, हाच हेतू होता.

मात्र लबाडीला नेहमी प्रगत तंत्र लागते असे नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने रोजगार हमीच्या हजेरी ॲपमधील गैरप्रकार राज्यांच्या निदर्शनास आणले. त्यांत फोटोवरून काढलेला फोटो चढवण्याचाही प्रकार होता. ती साध्या छायाचित्रांची हजेरी होती. पण फोन मजुराच्या हाती नव्हता, हे विसरता कामा नये. मंत्रालयाचा उपायही बोलका होता: ग्रामपंचायतीने प्रत्येक छायाचित्र तपासावे. अखेर माणसालाच पाचारण करावे लागले.

तपासणी कडक केली, की दुसरी चूक वाढते: खरा माणूस बनावट ठरतो. पक्षाघाताने पापणी न हलणारा वृद्ध, अंधाऱ्या खोलीत स्वस्त फोनसमोर बसलेली गर्भवती. जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठीही चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली आहे. बनावट चेहरा शिरला तर नुकसान तिजोरीचे; खरा चेहरा नाकारला तर उपाशी राहणारे घर एखाद्या गरिबाचे.

म्हणून दोन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, अशा प्रत्येक प्रणालीची स्वतंत्र चाचणी होऊन दोन्ही चुकांचे प्रमाण वयोगट, प्रदेश व उपकरणांनुसार जाहीर व्हावे. आंतरराष्ट्रीय मानकात दोन्ही मोजण्याची पद्धत उपलब्ध आहे. दुसरी, यंत्राने नाकारलेल्याला त्याच दिवशी नोंदवहीवर, जबाबदार कर्मचाऱ्याच्या सहीने, हक्काचे मिळावे. पडताळणी फसली म्हणून पात्र व्यक्ती वंचित राहणार नाही, असे आश्वासन सरकारने आधार खटल्यात दिले होते आणि २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची नोंदही घेतली.

सेवेत असताना लिपिकाच्या नकाराविरुद्धचे अर्ज माझ्यापुढे येत. त्या नकाराखाली कोणाची तरी सही असे, म्हणून दाद मागता येई. यंत्राच्या नकाराखालीही ती असली पाहिजे.